बाहुलीवरची विद्या

कोणतीही कारागिरी शिकावयाची म्हणजे कशाची तरी नासाडी व्हावयाचीच. शिंप्याचा मुलगा कापड बिघडवितो, सुताराचा लांकूड फुकट घालवितो, आणि तबला शिकणारा तर साऱ्या आळीची दुपारची झोंप घालवितो. या नासाडीचा खर्च कोणीं सोसावा हा प्रश्न अशा धंद्यांत फारसा बिकट नसतो. कापडाचे पैसे भरून देतां येतात, आणि शेजाऱ्यांना निदान खिडकी तरी लावून घेतां येते. वैद्याची गोष्ट निराळी. त्याचें कापड म्हणजे मनुष्यदेह. शंभर माणसें मारील तो वैद्य आणि हजार मारील तो त्याहून थोर, अशा अर्थाची जी थट्टा आपल्याकडे पूर्वापार चालत आली आहे, तिच्यांत द्वेषापेक्षां एक अवघड सत्यच अधिक आहे. अनुभवी वैद्य सर्वांस हवा असतो; परंतु तो ज्याच्या अंगावर अनुभवी झाला तो रोगी होण्याची हौस कोणासही नसते.

हा पेंच सोडविण्याचा एक उपाय आपल्या पूर्वजांस चांगला ठाऊक होता. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील नववा अध्याय सबंध याच विषयाला दिलेला असून सरावाला तेथें 'योग्या' असें नांव आहे. छेद घेण्याची योग्या कोहळा, भोपळा, काकडी अशा फळांवर करावी. भेदनाची पाण्यानें किंवा चिखलानें भरलेल्या कातडी पिशवीवर. खरवडण्याची ताणलेल्या केंसाळ चामड्यावर. शिरावेधाची मेलेल्या जनावराच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर. आंत रुतलेली वस्तु ओढून काढण्याची फणसासारख्या फळांच्या गरांत. टांक्यांची कापडाच्या कांठावर. आणि पट्टी बांधण्याची कृत्रिम बाहुल्याच्या अवयवांवर, असा तेथें तपशील आहे. सर्व शास्त्रें पढलेला असूनही ज्यानें योग्या केली नाहीं तो शस्त्रकर्मास अपात्रच, असें ग्रंथकार निक्षून सांगतो. या यादींतील एक गोष्ट माझ्या मतें फार मार्मिक आहे. बाहुला सोडला तर तींत मनुष्यासारखें दिसणारें कांहींच नाहीं. फणस पाहून कोणास माणसाची आठवण व्हावयाची नाहीं. पण गरांत घट्ट बसलेली आठळी ओढतांना बोटांना जो विरोध जाणवतो, त्यांत मांसांतील शल्य ओढतांना जाणवणाऱ्या विरोधाचें कांहीं तरी असलें पाहिजे. सुश्रुताला डोळ्यांचें साम्य नको होतें, हाताचें हवें होतें; आणि प्रत्येक कृतीला त्यानें निरनिराळा पदार्थ नेमून दिला.

हीच जुनी युक्ति आज सोनोग्राफीच्या शिक्षणांत नव्यानें अवतरली आहे. सोनोग्राफी हा शब्द आतां खेडोपाडीं पोंचला आहे. तरी तिची क्रिया दोन वाक्यांत सांगणें अवश्य आहे. मनुष्याच्या कानाला दर सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपलीकडचा ध्वनि ऐकूं येत नाहीं. या यंत्राचा प्रोब सुमारें २० लाखांपासून दीड कोटीपर्यंत कंपनांचा ध्वनि शरीरांत सोडतो, निरनिराळ्या अवयवांच्या सीमांवरून परतणारे त्याचे प्रतिध्वनि टिपतो, आणि प्रतिध्वनि यावयास किती वेळ लागला यावरून ती सीमा किती खोल आहे याचा हिशेब करून पडद्यावर काळेंपांढरें चित्र मांडतो. क्ष-किरणांच्या छायाचित्राहून येथें एक मोठा भेद आहे. तेथें चित्र एकजण काढतो आणि दुसरा सावकाश वाचतो. येथें चित्र हातानें घडतें व त्याच क्षणीं डोळ्यानें वाचावें लागतें. प्रोब किंचित् कलला कीं मूत्रपिंड दिसेनासें होतें, किंचित् दाबला कीं शीर चेपून नाहींशी होते. म्हणून ही विद्या पुस्तकावरून येत नाहीं, आणि म्हणूनच तिला योग्येची गरज आहे.

या कामासाठीं ज्या प्रतिकृति बनवितात त्यांस इंग्रजींत 'फँटम' म्हणतात, म्हणजे भूत किंवा आभास. नांव मोठें समर्पक आहे. कांहीं प्रतिकृति हुबेहूब मनुष्याच्या धडासारख्या असून आंत यकृत, पित्ताशय, गर्भ वगैरे बसविलेले असतात. कांहीं मात्र ओळखूं येणार नाहींत इतक्या साध्या: जिलेटिनचा किंवा अगरचा (आपल्या स्वयंपाकघरांत चायना ग्रास म्हणतात तोच पदार्थ) एक गोळा, त्यांत प्रतिध्वनि विखुरण्यासाठीं कालवलेली ग्राफाइटची बारीक पूड, आणि शिरेच्या जागीं पाण्यानें भरलेली एक नळी. परदेशांतील डॉक्टर ग्राफाइटच्या जागीं घरगुती उपाय म्हणून इसबगोलाची भुकटीही घालतात. बद्धकोष्ठावरील आपलें हें घरगुती औषध असें डॉक्टरी शिक्षणाच्या कामीं येईल असें कोणास वाटलें असतें?

आतां यांतली खरी प्रतिकृति कोणती? सामान्य माणूस पहिलीकडे बोट दाखवील, आणि तेथेंच तो फसण्याचा संभव आहे. समजा, एखाद्या कुशल मूर्तिकारानें मऊ सिलिकोन रबराचें असें पोट बनविलें कीं त्यावरची लव आणि बेंबी पाहून आपण थक्क व्हावें. मनुष्याच्या मृदु अवयवांतून ध्वनि दर सेकंदास सरासरी १५४० मीटर गतीनें जातो. तशा रबरांतून तो सुमारें १००० मीटरच जातो. यंत्र बिचारें १५४० धरूनच हिशेब करणार. त्यामुळें २ सेंटिमीटर खोलीवर ठेवलेली गोटी पडद्यावर ३ सेंटिमीटरांवर दिसेल. डोळ्याला खरें तें ध्वनीला खोटें. आणि चायना ग्रासचा ओबडधोबड गोळा डोळ्याला खोटा पण ध्वनीला खरा. अनुकृति म्हणजे काय हा सौंदर्यशास्त्रांतला जुनाट प्रश्न आहे आणि त्यावर ग्रंथांचे ढीग पडले आहेत. परंतु 'सारखें' हा शब्द 'कोणत्या प्रश्नापुरतें सारखें' हें सांगितल्याशिवाय अपुरा असतो, ही गोष्ट या जेलीच्या गोळ्याइतकी स्वच्छ मला कोठें सांपडली नाहीं.

याहूनही खोल एक पायरी आहे. १५४० हा आंकडा यंत्रांत आला कोठून? तो सरासरीचा आंकडा आहे. चरबींतून ध्वनीची गति सुमारें १४५० असते. स्नायूंत ती १५४० च्या थोडी वर जाते. यंत्राला समोरचा देह लठ्ठ कीं कृश हें ठाऊक नसतें, म्हणून तें सर्वांस एकच गति लावतें. ४ सेंटिमीटर जाडीच्या चरबीखालचा अवयव त्यामुळें वास्तविकापेक्षां सुमारें अडीच मिलिमीटर अधिक खोल दिसतो. प्रतिकृति बनविणारा आपला पदार्थ मोठ्या काटेकोरपणें १५४० वर आणून ठेवतो. म्हणजे त्यानें अनुकरण केलें तें माणसाचें, कीं यंत्राच्या माणसाविषयींच्या समजुतीचें? प्रतिकृतीवर सर्व मापें जुळतात, कारण दोघांनींही एकाच गृहीतावर सही केलेली आहे. जेथें गृहीत आणि देह यांचें जुळत नाहीं, तें ठिकाण म्हणजे रोगी. यासाठीं प्रतिकृति टाकून द्यावी असें मला म्हणावयाचें नाहीं; तिच्यावर शिकलेल्यास ती सरासरीची मूर्ति आहे हें कोणीं तरी सांगितलें पाहिजे, एवढेंच. वर्गांत बसलेला 'सामान्य विद्यार्थी' डोळ्यांपुढें ठेवून आम्ही शिक्षक व्याख्यानें देतों. तो विद्यार्थी कोणत्याही बांकावर बसलेला नसतो.

परंतु हे झाले ज्ञानाचे प्रश्न. प्रतिकृतीची खरी थोरवी नीतीच्या बाजूनें आहे. निर्जीव वस्तु नसेल तेव्हां शिकाऊ हात कोणाच्या अंगावर शिकतात? श्रीमंताच्या खासच नाहीं. जगांतील कोणत्याही मोठ्या शहरांत पाहिलें तर असें दिसेल कीं वैद्यकाची शाळा गरिबांच्या रुग्णालयाला चिकटून उभी असते. गरिबास तेथें उपचार फुकट किंवा स्वस्त मिळतात आणि त्याच्या मोबदल्यांत त्याचा देह विद्यार्थ्यांपुढें उघडा होतो. हा करार कोणीं कधीं त्याला वाचून दाखविलेला नसतो. रोग्यांच्या समुदायास 'क्लिनिकल मटेरियल' म्हणण्याची वैद्यकाच्या जगांत रूढ झालेली रीत या कराराचें स्वरूप पुरतेपणीं उघड करते. लांकूड, कापड, तसा हा माल. मनुष्यास केवळ साधन म्हणून वागवूं नये हें कांटचें १७८५ सालचें वचन तत्त्वज्ञानाच्या वर्गांत आम्ही मोठ्या गंभीरपणें फळ्यावर लिहितों. अमेरिकेंत भूल दिलेल्या स्त्रियांची गुह्यांगें विद्यार्थ्यांनीं केवळ शिकण्यासाठीं, त्यांच्या नकळत तपासण्याची चाल इतकी रुळली होती कीं अखेर १ एप्रिल २०२४ रोजीं तेथील मध्यवर्ती सरकारास लेखी संमतीवांचून असें होतां कामा नये म्हणून रुग्णालयांस बजावावें लागलें. सोनोग्राफींतही योनिमार्गें करावयाची एक तपासणी असते. तिचे पहिले वीस चुकार प्रयत्न जिला वेदना नाहींत, लाज नाहीं, अशा रबरी कटिभागावर करतां येत असतांना ते एखाद्या अबोल बाईवर करणें हा शिक्षणाचा भाग नव्हे. तो अन्याय आहे, आणि तो केवळ संवयीनें दिसेनासा झालेला आहे.

अर्थात् प्रतिकृति आली म्हणून देहाचें ऋण सबंध फिटलें असें मात्र कोणी समजूं नये. अठराव्या शतकांत फ्रान्समध्यें आंजेलिक द्यु कुद्रे या सुईणीनें कापड, कातडें व कापूस यांचा प्रसूतीचा एक पुतळा केला, आणि १७५९ पासून राजाज्ञेनें गांवोगांव हिंडून खेड्यांतील बायकांस त्यावर बाळंतपण शिकविलें. तिचा एक पुतळा रुआँ येथील संग्रहालयांत आहे. क्ष-किरणांनीं पाहतां त्याच्या आंत खऱ्या स्त्रीच्या कटिभागाचीं हाडें आढळलीं. सोनोग्राफीचा जन्मही असाच. ग्लासगोचे प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इअन डोनाल्ड यांनीं १९५५ सालीं स्त्रियांच्या पोटांतून शस्त्रक्रियेनें काढलेल्या गांठी मोटारींत घालून रेनफ्रू येथील बॅबकॉक अँड विल्कॉक्स या बॉयलरच्या कारखान्यांत नेल्या. लोखंडांतील भेगा ध्वनीनें हुडकण्याचें यंत्र तेथें होतें. त्याखालीं त्यांनीं त्या गांठी धरल्या, आणि तुलनेसाठीं गोमांसाचा एक तुकडा. १९५८ च्या 'लॅन्सेट'मध्यें जो प्रसिद्ध निबंध आला त्याचें मूळ या विचित्र प्रवासांत आहे. आजच्या संगणकी पुतळ्यांत तर प्रोब प्लास्टिकवर फिरतो आणि पडद्यावर कोणा खऱ्या रोग्याचें पूर्वीं साठविलेलें चित्र उमटतें. म्हणजे निर्जीव बाहुलीच्याही पोटांत कोणी तरी आहेच. फरक इतकाच कीं आतां त्याला पुन्हां पुन्हां टोंचावें लागत नाहीं.

कित्येक सुज्ञ गृहस्थांची अशी तक्रार असते कीं बाहुलीवर शिकलेला डॉक्टर पुढें रोग्यासही बाहुलीच समजेल. मला तर इतिहास नेमका उलट दिसतो. ज्यांनीं मुकाट्यानें सोसणाऱ्या माणसांवर हात साफ केले तेच माणसांना बाहुल्या समजावयास शिकले. तथापि या तक्रारींत एक कण खरा आहे. ॲरिस्टॉटल म्हणतो त्याप्रमाणें आपण जें करतों तेंच आपण होतों. आणि हाताला लागलेली संवय, ती बाहुलीवर लागली कीं माणसावर, याची चौकशी करीत बसत नाहीं. प्रोब लावण्यापूर्वीं पोटावर जी जेली चोपडतात ती गार असते. चांगला डॉक्टर आधीं म्हणतो, "जरा गार लागेल हं." हें वाक्य बाहुलीला सांगण्याचें कारण नाहीं, म्हणून कोणी सांगत नाहीं, आणि शंभर वेळां न सांगितलेलें वाक्य एकशें एकाव्या वेळीं, खऱ्या बाईच्या पोटाजवळ, आठवेलच असें नाहीं. म्हणून बाहुलीवर शिकवितांनाही तें वाक्य म्हणवून घ्यावें. हें थोडें हास्यास्पद दिसेल. पण नाटकाच्या तालमींत रिकाम्या खुर्चीला 'महाराज' म्हणतात, त्यास कोणी हंसत नाहीं.

आपल्या प्रांतांत तर बाहुली जें विचारूं शकत नाहीं तें अधिकच महत्त्वाचें आहे. प्रसूतीच्या प्रतिकृतींत गर्भ असतो, त्याचें डोकें मोजतां येतें, मांडीचें हाड मोजतां येतें. मात्र त्या गर्भवतीबरोबर सासू आलेली नसते. गर्भलिंग सांगण्यास आळा घालणारा कायदा देशांत प्रथम महाराष्ट्रानें १९८८ सालीं केला; मध्यवर्ती कायदा १९९४ चा; तो २००३ सालीं अधिक कडक झाला, आणि शब्दानें, खुणेनें किंवा अन्य कोणत्याही प्रकारें लिंग कळवूं नये असें त्यांत स्पष्ट म्हटलें आहे. डोळ्याला दिसलेलें जिभेवर येऊं न देणें, चेहऱ्यावरही उमटूं न देणें, हें येथील सोनोग्राफी करणाराचें अर्धें कौशल्य आहे. दारांत उभ्या असलेल्या नातेवाईकांच्या नजरेला नजर देऊन गप्प राहण्याचा सराव कोणता कारखाना विकतो?

असो. माझा मुख्य मुद्दा अद्यापि राहिलाच आहे, आणि तो तर्कशास्त्राचा असल्यामुळें वाचकांनीं थोडी सोशिकता धरावी. प्रतिकृतींत जें कांहीं सांपडतें तें कोणीं तरी तेथें ठेवलेलें असतें. पित्ताशयांतील खडा, यकृतांतील गांठ, शिरेंतील गुठळी, सर्व कांहीं कारखान्याच्या यादींत अगोदर नोंदलेलें आहे. विद्यार्थी शोधावयास बसतो तो सांपडणार या खात्रीनेंच बसतो. दोनचार वेळां तीच बाहुली हाताळली कीं तिचा खडा कोठें आहे हें त्यास पाठ होतें. जेलीच्या गोळ्यांत तर आधीच्या विद्यार्थ्यांच्या सुयांच्या वाटा हवेच्या रेघांनीं तशाच राहतात, आणि मागून येणारास त्या पडद्यावर दिसतात; ग्रंथालयांतल्या गणिताच्या पुस्तकांत मागच्या वर्षीच्या कोणी पेन्सिलीनें उत्तरें लिहून ठेवावींत, तसेंच हें. परीक्षेला बसणाऱ्या मुलाला हा प्रकार परिचयाचा आहे. प्रश्न आला म्हणजे उत्तर असलेंच पाहिजे, आणि तें गाइडाच्या शेवटीं छापलेलेंही असलें पाहिजे.

रोगी हा असा प्रश्न नव्हे. त्याच्या पोटांत कोणीं कांहीं ठेवलेलें नसतें, आणि पुष्कळदां तेथें कांहींच नसतें. तेव्हां डॉक्टरानें उच्चारावयाचें वाक्य 'हा पाहा खडा' असें नसून 'खडा नाहीं' असें असतें, आणि हें दुसरें वाक्य पहिल्याहून फार कठीण आहे. आपल्या मीमांसकांनीं, विशेषतः भाट्ट मतानुयायांनीं, अभावाच्या ज्ञानासाठीं 'अनुपलब्धि' हें स्वतंत्र प्रमाण मानलें, व त्याला एक मोलाची अट घातली. घडा दिसत नाहीं एवढ्यावरून घडा नाहीं असें ठरत नाहीं. तो असता तर येथें दिसलाच असता, अशी स्थिति असली पाहिजे. उजेड असलेल्या खोलींत घडा दिसला नाहीं तर तो नाहीं. अंधाऱ्या खोलींत दिसला नाहीं तर आपल्याला कांहींच कळलें नाहीं. सोनोग्राफीच्या पडद्याला हें अक्षरशः लागू पडतें. आंतड्यांत वायु असला कीं ध्वनि तेथूनच परततो व त्यामागचा सारा प्रदेश अंधारांत जातो. त्या अंधारांत पाहून 'गांठ दिसली नाहीं' असें लिहिणें सत्य आहे, 'गांठ नाहीं' असें लिहिणें असत्य आहे. आणि रोगी घरीं जातांना दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच समजतो. जो डॉक्टर हा भेद जाणतो तो प्रोबची बाजू बदलतो, रोग्यास कुशीवर वळवितो, श्वास रोखून धरावयास सांगतो, आणि इतकें करूनही उजेड पडला नाहीं तर तसें स्वच्छ लिहितो. बहुतेक बाहुल्यांच्या पोटांत वायु नसतो. त्यांच्यांत सारा उजेडच उजेड.

तेव्हां बाहुल्या करणारांनीं त्यांचा चेहरामोहरा सजविण्यापेक्षां एक निराळें काम करावें असें मला सुचवावेंसें वाटतें. बाहेरून अगदीं एकसारखे दिसणारे दहा पुतळे करावे. कांहींत खडे असावेत, कांहींत गांठी. दोनतीन असे असावेत कीं त्यांच्यांत हवेचा पडदा घालून मागचें कांहींच दिसूं नये. आणि चारपांच अगदीं निरोगी, आंत कांहीं न ठेवलेले. कोणता कसा, किंवा एकंदर किती रिकामे, हें विद्यार्थ्यास सांगूं नये, आणि शक्य तर शिक्षकासही. जो 'नाहीं' असें कारणासह म्हणेल त्यास खडा हुडकणाराइतकेच गुण द्यावे. जो 'मला येथें सांगतां येत नाहीं' असें योग्य ठिकाणीं म्हणेल त्यास कदाचित् थोडे अधिक. दुकानदारीच्या दृष्टीनें ही सूचना कितपत परवडेल याची मला शंकाच आहे. गांठ असलेल्या पुतळ्याची जाहिरात करतां येते; आंत कांहीं नसलेला पुतळा त्याच किंमतीस घेण्यास कोणत्या महाविद्यालयाची खरेदी-समिति तयार होईल?